पांढुर्ण्यातली भरती

रामाकोना गावी एका लग्नात पंगत बसली होती. पानावर वरण-भात पडला, भज्यांची टोपली दोन पानं अलीकडे येऊन पोचली, आणि माझ्या शेजारी बसलेले दौलतमामा ताडकन उठले. कालवलेला भात तसाच टाकून मला म्हणाले, "बाबू, पान सांभाळजो. भरती लागून राहिली."

आणि चपला घालून मांडवाबाहेर गेले.

नवरदेवाचे काका धावत आले. पाहुणा रुसला असं त्यांना वाटलं. मी म्हणालो, "रुसले नाहीत जी. समुद्राला भरती आलीय." काका बराच वेळ माझ्याच तोंडाकडे पाहत राहिले. आमच्या भागातून समुद्र गाठायचा तर रेल्वेत अख्खा दिवस घालवावा लागतो. पाच मिनिटांनी मामा परत आले, शांतपणे बसले आणि भजी दोनदा मागून घेतली.

दौलत मेश्राम हे माझे शेजारी. जन्म पांढुर्ण्याचा, पण सव्विसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि तिथल्या एका खाडीवर नोकरीला लागले. काम एकच. खाडीच्या तोंडाशी लोखंडी दार होतं. भरतीच्या आधी ते लावायचं, म्हणजे समुद्राचं पाणी मागच्या वस्तीत शिरत नाही. ओहोटी लागली की उघडायचं, म्हणजे वस्तीतलं पावसाचं पाणी निघून जातं. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. असं त्यांनी बत्तीस वर्षं केलं. बायको तिकडेच वारली. निवृत्त झाल्यावर ते आमच्या गल्लीत भावाच्या रिकाम्या घरात एकटे राहायला आले. मी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचा बाबू, त्यामुळे पाण्यातला माणूस म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी आपलं मानलं.

त्यांच्या घरात घड्याळ आहे, पण ते चालतं की नाही ते मामांनी कधी पाहिलं नसावं. त्यांचं सगळं तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांना दाराजवळ खेकडे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळणीनं शिकवलं होतं. "आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाले भरती." डॉक्टरनं गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितली, तर मामांनी विचारलं, "भरतीले की ओहोटीले?"

चहाच्या टपरीवर त्यांचं नेहमीचं वाक्य ठरलेलं. "मुंबईले पानी उलटं येते." ज्यांनी फक्त जाम नदी पाहिली त्यांना हे पटायचं नाही. टपरीवाला एकदा चिडून म्हणाला, "मामा, नदी काय बस हाय, जाऊन वापस याले?"

"मी सोफा पाह्यला ना बाप्पा," मामा म्हणाले. "कोनी तरी खाडीत सोफा फेकला. सकाळी तो समुद्राकडे जाये, दुपारी वापस येये. चार दिवस त्याचं हेच चालू. पाचव्या दिवशी मीच त्याले वर काहाडला. नऊ वर्षं बसलो त्याच्यावर."

मग ते खाडीचा इतिहास सांगायला बसत. कोळणीनं तिच्या सासऱ्याकडून ऐकलेला, मामांनी तिच्याकडून. पूर्वी म्हणे भरतीबरोबर गलबतं आत येत. वल्ही मारायची गरज नव्हती, पाणीच ढकलत आणायचं. कौलं, चुना, वाळू, गवताचे भारे उतरायचे आणि ओहोटीबरोबर रिकामी गलबतं परत. काठावर मिठागरं होती, त्यांना पाणी पाजायला हीच खाडी. पलीकडे जायला होडी. मग पूल झाला, होडी गेली. कापड रंगवणारे आले, मग पाणी सोमवारी लाल आणि मंगळवारी निळं. मग म्हशींचे गोठे, कारखाने, आणि शेवटी अख्ख्या शहराचं मोरीचं पाणी.

"आता लोक नाकाले रुमाल लावते आन तिले नाला म्हनते," मामा सांगत. "जिच्या पाठीवर अर्ध्या शहराची कौलं आली, बाबू, तिले नाला म्हनते."

एकदा त्यांनी आमच्या ऑफिसात अर्ज दिला. आमच्याकडचा नाला जाम नदीला मिळतो तिथे लोखंडी दार बसवावे. साहेबांनी अर्जावर लिहिलं, "पांढुर्ण्यात भरती कोठून येणार, खुलासा करावा." मामांनी अकरा पानी खुलासा दिला. त्याची सुरुवात चंद्रापासून होती. नदीला पूर आला की नाल्याचं पाणी उलटं फिरतं, हा मुद्दा नवव्या पानावर होता आणि तो बरोबर होता, पण साहेब चंद्राच्या पुढे गेलेच नाहीत.

भरतीच्या वेळी मामा उठून जातात कुठे, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. बुद्धविहारात पौर्णिमेच्या वंदनेला बसले तरी मध्येच उठायचे. टपरीवर लोक हसायचे, वयोमानानं जावं लागत असेल म्हणायचे. मीही तेच समजत होतो.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधीची पौर्णिमा होती. आमच्याकडे पाऊस झिमझिम, पण टीव्हीवर मुंबई पाण्यात दिसत होती. सकाळपासून नळाला गढूळ पाणी, म्हणून माझ्या टेबलासमोर गर्दी. साडेदहाच्या सुमारास गर्दीतून वाट काढत मामा आत आले. अंगावर बनियन, पायात चपला नाहीत. हातातला मोबाइल त्यांनी माझ्यासमोर धरला.

"लागून नाही राहिला. तुह्या फोनवरून लाव. आज उधान हाय, बाबू. सगळ्यात मोठी भरती."

"कुणाला लावू?"

"रमेशले. दारावरचा मानूस, माह्या जागी आला तो. दर भरतीले विचारतो मी त्याले."

तेव्हा मला उलगडा झाला. मामा पाच वर्षं, प्रत्येक भरतीला, त्यांच्या जागी आलेल्या माणसाला फोन करून एकच गोष्ट विचारत होते: दार लावलं का?

मी नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. लोकांना मी हात जोडून व्हरांड्यात पाठवलं, दार लोटलं आणि मामांना खुर्चीत बसवलं.

"मामा, रमेश लावेल ना दार. त्याची नोकरीच आहे ती."

"दाराच्या मागं सुजाताचं घर हाय," ते म्हणाले.

सुजाता त्यांची एकुलती मुलगी. तिनं खाडीवरच्या कोळीवाड्यातल्या मुलाशी लग्न ठरवलं आणि मामांनी नाही म्हटलं. मुलात काही खोट नव्हती. "पोरगा सोन्यासारखा. पन त्या घराचा उंबरा दारावरच्या पानी मोजाच्या पट्टीपेक्षा खाली हाय. बत्तीस वर्षं मी ते घर पाहून राहिलो. दार एक घंटा उशिरा लागलं की पहिलं पानी त्याच घरात. मी तिले तेच म्हनलं, उंबरा खाली हाय." मामांनी डोळे पुसले. "तिले वाटलं, बाप जात काहाडून राहिला. उंबऱ्याचा बहाना करून राहिला. सहा वर्षं झाली, बोलली नाही."

"आणि तुम्ही?"

"मी का बोलू? माहं म्हननं चूक थोडी होतं!" एवढं बोलून ते पुन्हा माझ्या फोनकडे पाहू लागले.

सव्वाअकरा वाजले. पौर्णिमा, पंधराची पाऊणपट. भरतीची वेळ झाली. मी सतराव्यांदा की अठराव्यांदा लावला आणि पलीकडे घंटी वाजली. फोन एका बाईनं उचलला. मागे पावसाचा नि लहान मुलाचा आवाज.

"रमेशभाऊ बाहेर जाळीतला कचरा काढताहेत. कोण बोलतंय?"

मी म्हणालो, "पांढुर्ण्याहून बोलतोय. दौलतमामांचा शेजारी. दार लागलं का, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे तिनं आधी बाळाला शांत केलं.

"लागलंय. बाबांना सांगा, घरात पाणी नाही. मी खबरदारी म्हणून बाळाला घेऊन वर दाराच्या चौकीत आलेय." मग तिचा आवाज बदलला. "दादा, त्या दाराला दोन वर्षांपूर्वी मोटर बसली. भरती चढली की आपोआप लागतं. रमेशभाऊ म्हणाले होते, आता मामांना सांगून टाकतो, फोनची गरज नाही. मीच म्हटलं, सांगू नका. येऊ दे फोन. रोज संध्याकाळी मी रमेशभाऊंना विचारते, आज आला का म्हणून. आज भरती चढली तरी आला नाही, माझा जीव थाऱ्यावर नव्हता."

मी फोन मामांच्या हातात दिला.

त्यांनी तो उलटा धरला. मी सरळ करून कानाशी लावला. तिकडून "बाबा" एवढंच मला ऐकू आलं. मामांच्या ओठांवर "दार लावलं का" हेच आलं असावं, पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"जेवली का व माय?"

मग ते रडायला लागले, आणि रडता रडता हसायलाही लागले. बाळाचं नाव काय ठेवलं, दात किती आले, सर्दी तर नाही झाली, असे प्रश्न ते एकामागून एक विचारत सुटले. उत्तरासाठी थांबतही नव्हते. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं ताटकळली होती. सर्वांत पुढे सावरगावची एक बाई. गढूळ पाण्याची बाटली घेऊन सकाळपासून तिनं ऑफिस डोक्यावर घेतलं होतं.

"काय करून राहिले जी तुमी आतमंदी?" ती माझ्यावर कडाडली. "आमी का इथीच उभं राहाचं?"

"बाई, आत एक म्हातारे आहेत. सहा वर्षांनी मुलीशी बोलताहेत."

तिनं बंद दाराकडे पाहिलं. आतून मामांचं हसणं ऐकू येत होतं. तिनं बाटली पायरीवर ठेवली, पदर सावरला आणि दाराला पाठ लावून मांडी घालून बसली. थोड्या वेळानं छत्री झटकत कुणी एक तावातावानं आत घुसायला आला, तर तिनंच त्याला हात आडवा केला.

"बसा जी तिथी. पानी कुठी पळून नाही राहिलं."