मल्लप्पाअण्णांचे गजर

आमच्या भवानी पेठेतल्या मल्लप्पाअण्णांच्या घरी दिवा विझायच्या आधी घंटा वाजायची. दिव्याला एक घड्याळ, पंख्याला एक, रेडिओला एक. बाकीचं जग उठण्यासाठी गजर लावतं. अण्णा वस्तूंना झोपवण्यासाठी लावत.

यंत्र त्यांनी स्वतः शोधलेलं होतं. खटक्याच्या वर फळी, फळीवर घड्याळ आणि गजराच्या चावीपासून खटक्यापर्यंत चादरीच्या सुताचा दोरा. गजर झाला की चावी फिरायची, दोरा तिच्यावर गुंडाळला जायचा आणि खटका वर ओढला जायचा. आधी घणघणाट, मग अंधार. सूत अण्णांच्याच दुकानातलं. "हत्ती बांधा, तुटायचं न्हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

अण्णा चिक्कू होते असं मात्र कुणी समजू नये. त्यांच्याकडे जेवताना तिसऱ्या भाकरीला नको म्हणणाऱ्या माणसाशी ते आठवडाभर बोलत नसत. त्यांचं वैर होतं ते रिकामं जागं राहणाऱ्या वस्तूंशी. "काम न्हाय तर जागं कशाला?" हा त्यांचा जगाला प्रश्न होता. दुपारी घरातलं सगळं बंद करून ते मीटरसमोर स्टूल टाकून बसत. आतली चकती जराशी सरकली की आत हाक जाई, "चक्री फिरतीय की. कोण जागं हाय?"

जागा असायचा तो रेडिओ. वाल्व्हचा, जुना, ट्रंकेएवढा. तो तापल्याशिवाय बोलत नसे आणि तापायला वेळ घेई. तोवर गाण्याची पहिली ओळ निघून जाते, म्हणून नीलव्वाकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, आवाज बारीक करून तो नुसताच लावून ठेवत. अण्णा येऊन रेडिओच्या डोक्यावर उलटा हात टेकत, पोराचं अंग बघावं तसा. "ताप हाय," म्हणत आणि खटका वर करत. माणूससुद्धा उठल्या उठल्या गात नाही, त्याला जरा वेळ द्या की, असं काकूंचं म्हणणं. शेवटी अण्णांनी रेडिओलाही घड्याळ बसवलं.

त्या घड्याळाचं रीतसर उद्घाटन झालं. पेठेतल्या एका पुढाऱ्यांना बोलावलं होतं. नारळ फुटला, एक हार पुढाऱ्यांना आणि एक घड्याळाला पडला. घड्याळाने तो जास्त विनयाने घेतला. पुढारी बोलायला उभे राहिले आणि देशाच्या अंधाराकडून प्रकाशाकडे चाललेल्या वाटचालीत शिरले. ते बरेच पुढे गेले असताना दिव्याचं घड्याळ घणघणलं आणि खोलीत काळोख झाला. पुढारी थांबले. त्यांना मध्येच थांबलेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. टाळ्या अशा पडल्या की अण्णांना वाटलं, त्या यंत्रासाठी आहेत. तेही काही फारसं खोटं नव्हतं.

अण्णांची एकुलती मुलगी शारदा लग्न होऊन धारवाडकडे गेली होती. गाणं लहानपणापासून गळ्यात. एकदा तिकडून आलेल्या सुताच्या व्यापाऱ्याने निरोप आणला की सोमवारी सकाळी साडेनऊला शारदा धारवाडच्या रेडिओवर वचन, म्हणजे कन्नड भक्तिपद, गाणार आहे. अण्णांनी गल्लीतल्या दारोदारी जाऊन आमंत्रण केलं. सोमवारी सतरंज्या अंथरल्या गेल्या. काकू इरकल लुगडं नेसून रेडिओला अगदी खेटून बसल्या. रेडिओ पहाटेपासून तापत होता आणि त्या दिवशी अण्णांनी त्याचं अंग बघितलं नाही.

निवेदिकेने कन्नडमध्ये शारदाचं नाव घेतलं. काकूंनी पदर सावरला. तंबोरा लागला. आणि फळीवरचं घड्याळ वाजलं.

रेडिओचा गजर रात्रीच्या साडेनऊला लावलेला असे आणि त्याची चावी अण्णा रोज संध्याकाळी देत. आज पाहुण्यांच्या गडबडीत संध्याकाळी विसरायला होईल म्हणून त्यांनी ती शहाण्या माणसासारखी सकाळीच देऊन ठेवली होती. गजराच्या घड्याळाला सकाळ काय आणि रात्र काय, साडेनऊ म्हणजे साडेनऊ.

रेडिओच्या काचेमागे पेटलेला हिरवा डोळा मिटला. अण्णांनी झेप घेऊन खटका खाली ओढला. दोऱ्याने तो परत वर नेला. अण्णा दोरा तोडायला लागले. सूत त्यांच्याच दुकानातलं होतं. ते तुटलं नाही. कुणीतरी हसलं, काकूंकडे बघून गप्प झालं. स्वयंपाकघरातून विळी आणून दोरा कापला, रेडिओ लागला, सावकाश तापला. तो बोलू लागला तेव्हा शेवटचा तंबोरा तेवढा उरला होता. पाठोपाठ ज्वारीवरच्या किडीची माहिती सुरू झाली. काकूंनी ती पूर्ण ऐकली. मग सतरंज्या गोळा करायला लागल्या. त्या ओरडल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी भर दुपारी त्यांच्याकडे गेलो. दिव्याची, पंख्याची घड्याळं जागच्या जागी होती. रेडिओवरची फळी रिकामी. हिरवा डोळा उघडा होता आणि स्टेशन बंद असल्यामुळे आतून नुसती घरघर येत होती. मीटरची चकती खुशाल फिरत होती. अण्णांचं स्टूल मीटरपुढून उठून रेडिओपुढे आलं होतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, स्टेशन बंद आहे. काम नाही तर जागं कशाला?"

"पोरगी परत गाणार हाय म्हंत्यात," अण्णा म्हणाले. "कधी, ते कुणालाच ठावं न्हाय."

"मग दिवसभर चक्री फिरणार."

"फिरू दे की."

आतून काकूंनी विचारलं, लागलाय ना हो? अण्णांनी रेडिओच्या डोक्यावर उलटा हात टेकला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

"ताप हाय," ते आत ऐकू जाईल असं म्हणाले.