उकललेला बँजो

सिद्धूनानानं आयुष्यात फार थोड्या गोष्टी स्वतः ठरवल्या. त्यातली ही एक. गुरुवारी सकाळी चुलीपुढं बसून तो म्हणाला, "रंगूचं वाद्य मी निवडून आननार." म्हणाला म्हणजे पुटपुटला. नानाचं बोलणं मुळातच इतकं हळू, की त्याचं वाक्य सुरू झालं की ऐकणाऱ्यानं चहा प्यावा, कप विसळून पालथा घालावा, तोवर ते शेवटाला यायचं.

रंगुबाईनं भाकरी उलटली.

"कोन आननार?"

"मी."

"निवडून?"

"व्हय."

 रंगुबाईनं नुसतं तव्याकडं बघितलं.

त्याला कारण होतं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, आणि एवढ्या काळात नानानं स्वतः निवडून घरात तीन वस्तू आणल्या. म्हसवडच्या जत्रेतल्या चपला (दोन्ही डाव्या पायाच्या), वडूजच्या बाजारातला कुकर (शिट्टी सोडून सगळं होतं) आणि एक छत्री. ती उघडायची, पण मिटायची नाही. उघडी छत्री दारातून आत येईना, म्हणून ती कोंबड्यांच्या अंगावर घातली. (मेंढरं मात्र नानानं कधी चुकीची आणली नाहीत. शंभरातलं एक दुखणाईत मेंढरू तो बांधावरनं ओळखायचा. पण बायकोला मेंढरू कोण देतं?)

वाद्याची हकीकत अशी. दिवाळीला पुण्याहून नात आली, सोनिया. तिच्याकडं चार तारांचं, तान्ह्या गिटारासारखं एक वाद्य होतं. त्याचं नाव उकुलेले. आजीनं ते सहज मांडीवर घेतलं, आणि सहा दिवसांत त्याच्यावर दोन गवळणी आणि एक आरती बसवली. कुणी शिकवलं नाही. नुसत्या कानावर. नाना ओसरीवर बसून ऐकायचा. त्याच्या मनात यायचं, ही बाई बेचाळीस वर्षं आपल्या घरात भाकऱ्या थापत होती, हिच्या बोटांत हे एवढं होतं, आणि आपण मेंढरं मोजत बसलो.

सोनिया ते वाद्य आजीकडंच ठेवून गेली. रंगुबाई ते घेऊन महिला भजनी मंडळात गेली, आणि तिथं अडलं. अकरा बायकांचे अकरा टाळ सुरू झाले की त्या चार तारांचा आवाज कुठं जायचा, कळायचंच नाही. मंडळाची पुढारी शालूबाई. तिनं सरळ सांगितलं, "रंगू, तुजं त्ये चिलटावानी काय वाजतंय, त्ये तुला तरी ऐकू येतंय का गं? मंगळवारी औंधाला देवीपुढं भजनाला न्यायच्या बायका निवडायच्या हायती. आवाज आला तर वाजव, न्हाईतर गुमान टाळ धर."

रंगुबाई घरी आली, वाद्य फडक्यात गुंडाळलं आणि फळीवर ठेवलं. भांडली नाही, रडली नाही. त्या दिवशी आमटीत मीठ मात्र नव्हतं. नानानं ती आमटी तशीच संपवली आणि पुण्याला फोन लावला.

"आजोबा," सोनिया म्हणाली, "आजीला बँजो उकुलेले लागेल. तेवढंच असतं, पण त्याला ढोलासारखं कातडं ताणलेलं असतं. आवाज खणखणीत."

कातडं म्हटल्यावर नानाचा जीव भांड्यात पडला. कातडं आपल्या घरचंच. आणि बँजो? बँजो तर वडूजात होता. भाऊसोची बँजो पार्टी पंचक्रोशीत गाजलेली. तिच्या आवाजानं वरातीच्या घोड्यानं नवऱ्यासकट एकदा ऊस गाठला होता.

नाना भाऊसोच्या दारात जाऊन उभा राहिला.

"भाऊसो, बँजो पायजे."

"तारीख?"

"मंगळवार."

"हळद का वरात?"

"भजन."

भाऊसोनं तोंडातली सुपारी गालात सरकवली. "नाना, भजनाला बँजो पार्टी? आवं, देवी उठून माहेरी जाईल."

"पार्टी नगं रं. नुस्ता बँजो. पर..." इथं नाना थांबला. नातीनं सांगितलेला शब्द त्यानं वाटभर घोळवत आणला होता, आणि वाटेतच त्याचे कंगोरे झिजले होते. "उकललेला पायजे."

"उकललेला?"

"व्हय. नात म्हनली, उकललेलाच लागंल."

भाऊसोचा चेहरा उजळला. "नाना, तुमाला देवानंच धाडलं बगा! गेल्या साली वरातीत टेम्पोवरनं पडलेला एक हाय माज्याकडं. इतका उकललेला बँजो तुमाला साऱ्या जिल्ह्यात घावायचा न्हाई. न्या तसाच. माजी अडगळ तरी जाईल."

आणि नानानं तो नेला. पोत्यातनं.

रंगुबाईनं पोतं अंगणात पालथं केलं. त्यातनं पांढऱ्या पट्ट्या पडल्या, स्प्रिंगा पडल्या, तारांचं एक भेंडोळं पडलं आणि एक फळी पडली, तिच्यावर 'नादखुळा' असं लिहिलेलं. एक स्प्रिंग कोंबडीनं चोचीत धरली, ती ताणली आणि सुटली, तशी कोंबडी दोन दिवस घराकडं फिरकली नाही.

"ह्यो काय?"

"बँजो."

"आन् ह्येला झालंय काय?"

"उकललाय," नाना म्हणाला. "तसाच लागतो."

रंगुबाई मटकन खाली बसली. नानाला वाटलं, रडतीय. पण पदर तोंडाला लावूनही तिचं हसू मावेना. तिनं फोन लावला आणि नानाच्या कानाला धरला. पलीकडनं सोनिया पाढे शिकवावेत तशी म्हणत होती, "उ-कु-ले-ले, आजोबा! उ-कु-ले-ले!"

"मिरजंला जावा," हसू आवरल्यावर रंगुबाई म्हणाली. "तितं वाद्यं करत्यात. मी येऊ का संगं?"

"नगं. मीच निवडनार."

खरं सांगायचं तर नाना घाबरला होता. चपला चुकल्या तर पाय अनवाणी चालतात. पण हे चुकलं, तर मंगळवारी रंगूच्या हातात टाळ येणार होता, आणि पुन्हा बिनमिठाची आमटी.

शनिवारी तो एसटीनं मिरजेत उतरला. तंतुवाद्यांच्या गल्लीत एका लहानशा दुकानात लालासाहेब नावाचे म्हातारे कारागीर तंबोऱ्याचा भोपळा घासत बसले होते. नानानं श्वास घेतला आणि एकेक अक्षर पायरीसारखं चढत म्हणाला, "बँ-जो-उ-कु-ले-ले."

"तीन आहेत," लालासाहेब म्हणाले. "बघा आणि सांगा."

त्यांनी तिन्ही पुढ्यात मांडले. पहिला परदेशी, चकचकीत, कातड्याच्या जागी पांढरं प्लास्टिक. दुसऱ्याला मागच्या बाजूनं लाकडाची जाड थाळी बसवलेली. तिसरा लालासाहेबांनी स्वतः केलेला, मागनं उघडा, दिसायला साधा, पुढं खरं कातडं.

नानाला सुरांतलं काही कळत नव्हतं. म्हणून त्यानं जे कळत होतं ते केलं. पहिला मानेला धरून उचलला, दुसरा हात पोटाखाली घातला आणि वजन तोललं. मग खुंट्या चाचपल्या, बाजारात शेळीचे कान चाचपतात तशा. (दात कुठं बघायचे, ते त्याला सापडलं नाही.)

मग त्यानं जे केलं, ते त्या गल्लीत आजवर कुणी केलं नसावं. दुकानाच्या मधोमध खाली मांडी घातली, खांद्यावरचं उपरणं डोक्यावरनं घेऊन पदरासारखं पुढं सोडलं आणि दुसरा बँजो मांडीवर घेतला. गिटार घ्यायला आलेली दोन कॉलेजची पोरं बघतच राहिली.

"बाबा, हे काय?" लालासाहेबांनी विचारलं.

"आमची मंडळी अशी बसती," नाना म्हणाला. "डावा खांदा दुकतो तिचा. पाटी वाहून वाहून. ह्यो थाळीचा जड हाय, अर्ध्या अभंगात खांदा धरील." त्यानं तो बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिला घेतला. कडेच्या लोखंडी आकड्यांवरनं उपरणं सावकाश ओढलं. ते अडकलं. "ह्यात पदर गुततोय."

तिसऱ्याच्या आकड्यांवरनं उपरणं पाण्यासारखं निघून गेलं.

लालासाहेबांनी हातातला भोपळा खाली ठेवला. "लोक येतात, ब्रँड विचारतात, रंग विचारतात," ते म्हणाले. "बायकोचा पदर अडकेल का, हे बघणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा आलं."

नाना लाजला. लाजल्यावर काय करावं ते न कळून त्यानं तिसऱ्याच्या कातड्यावर अंगठ्यानं टिचकी मारली. "शेळी," तो म्हणाला. "दोनदा व्यालेली."

"दोनदा कशावरनं?"

"तिसऱ्या वेताला कातडं ढिलं बोलतं."

मग लालासाहेबांनी एकच गवळण तिन्हींवर वाजवली. नानानं डोळे मिटले. पहिला बोलला तो ताटावर चमचा आपटल्यासारखा. दुसरा मोठा होता, पण डब्यात बसून बोलावं तसा. आणि तिसरा बोलला, तेव्हा नानाला वाटलं, लांबच्या माळावरनं कुणीतरी भाकरीला हाक मारतंय. ती हाक त्यानं बेचाळीस वर्षं ऐकली होती.

"ह्यो द्या."

बांधून देताना लालासाहेब म्हणाले, "एवढंच लक्षात ठेवा, कातड्याला तेल-पाणी काही लावू नका."

नाना हसला. "कातड्याचं मला सांगताय व्हय!"

(माणसानं त्या वेळी हसू नये. पण हे नंतर कळतं.)

रंगुबाईनं बँजो मांडीवर घेतला, पदर सावरला, तारा छेडल्या, आणि शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. तिनं अख्खी गवळण वाजवली. बोटं अशी फिरत होती, की नानाला वाटलं, ह्या बाईला आपण अहो-जाहो करायला हवं.

"आवं," ती म्हणाली, "बरोबर आनलंय की!"

"काय म्हनलीस?"

"बरोबर आनलंय."

"आनि एकदा म्हन."

हे वाक्य नानाच्या डोक्यात गेलं. मंगळवारपर्यंत तो अंगणात छाती काढून चालत होता. आणि मंगळवारी सकाळी, रंगुबाई ओढ्यावर धुणं घेऊन गेली असताना, त्याला वाटलं, आपल्या हातानं अजून काहीतरी चांगलं व्हावं. जत्रेआधी ढोलाच्या कातड्याला तो एरंडेलाचं बोट लावायचा. पण ढोल देवाचा, आणि हा रंगूचा. म्हणून बोटाऐवजी वाटी घेतली.

तीनला रंगुबाईनं निघण्याआधी एकदा तार छेडली.

भद्द.

ओल्या घोंगड्यावर काठी मारल्यासारखा आवाज. तिनं पुन्हा छेडली. भद्द.

"आवं, काय केलंत?"

"त्याल," नाना म्हणाला. "वाईच."

रंगुबाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "माजे टाळ कुटं हायती, बगा जरा."

नाना पळाला. गेल्या दहा वर्षांत तो पळाला नव्हता, लांडग्यामागंसुद्धा नाही. त्यानं डब्यातनं ज्वारीचं पीठ मूठभर आणलं, कातड्यावर चोळचोळून तेल ओढून काढलं. शेगडीत निखारे भरले. एका हातात शेगडी, दुसऱ्या हातात बँजो, आणि पुढं रंगुबाई, अशी मिरवणूक देवळात पोचली, तेव्हा शालूबाई म्हणाली, "रंगू, भजन हाय का हुरडा?"

"तुमी सुरू करा," रंगुबाई म्हणाली.

नाना खांबाआड बसला आणि हलगी शेकावी तसा बँजो निखाऱ्यांवर शेकू लागला. कातडं हळूहळू ताणत आलं. त्यानं टिचकी मारली. टण्ण! नानाच्या डोळ्यांत पाणी आलं. (काही धुरानं.) आणि त्याच घटकेला सगळ्यात खालची नायलॉनची तार निखाऱ्याच्या धगीनं आक्रसली, वेटोळी झाली आणि तुटून त्याच्या मिशीला चिकटली.

तीन तारांचा बँजो त्यानं खालमानेनं रंगुबाईपुढं धरला.

रंगुबाईनं तीन तारा बघितल्या, नवऱ्याची मिशी बघितली, आणि वाजवायला लागली. चौथ्या तारेचे सूर तिनं कुठनं आणले, ते तिलाच माहीत. अकरा टाळांच्या वरनं तो आवाज गेला, देवळाबाहेर गेला, पारावरच्या पत्त्यांचा डाव थांबला. शालूबाईनं टाळ खाली ठेवले आणि पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलं.

दुसऱ्या अभंगाला कातडं पुन्हा सैल पडलं. मुरलेलं तेल ते, लगेच कसं जाईल? रंगुबाईनं न बघता बँजो मागं केला, नानानं शेकला, पुढं दिला. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. असे सात अभंग झाले. शेवटी शालूबाई म्हणाली, "रंगू, औंधाला तू पुडं बसायचं. मधोमध." मग खांबाकडं बघून म्हणाली, "आन् ह्यांनाबी घ्या. ह्यांच्याबिगर त्ये बोलत न्हाई."

दोन दिवसांनी औंधच्या कार्यक्रमाचं पत्रक मोबाईलवर आलं. नानाला वाचता येत नव्हतं, पण बातमी त्याच्या कानावर आली होती, की पत्रकात त्याचंही नाव आहे. घरात विचारायला लाज वाटली, म्हणून तो मोबाईल घेऊन भाऊसोकडं गेला. (भाऊसोनं आधी पोतं परत आणलं का ते विचारलं.)

"वाच."

"टाळ, सौ. शालूबाई. बँजो, सौ. रंगुबाई. लय मोठ्या अक्षरात हाय, नाना!"

"माजं?"

"हाय की. खाली."

"काय लिवलंय? निवड, सिद्धू? असं?"

"न्हाई," भाऊसोनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "शेगडी."

नानानं ते थोडा वेळ मनात घोळवलं. शेगडी तर शेगडी. देवीच्या दारात नाव लागतंय, कमी नाही.

"म्होरं 'श्री' तरी लावलंय न्हवं?"

भाऊसोनं पुन्हा वाचलं. मग मोबाईल मांडीवर ठेवून तो बराच वेळ खोकला.

"महिला मंडळाचं पत्रक हाय, नाना. सगळ्या नावांना त्येंनी एकच लावलंय." त्यानं डोळे पुसले. "शेगडी, सौ. सिद्धू."