हरणीची खाज

पाळी यायला पाच दिवस उरले की रत्नाला खाज सुटायची. कुठे, ते तिने अडीच वर्षांत कोणालाही सांगितलं नव्हतं. अवसरी बुद्रुकात वीज वेळेवर येत नव्हती, एसटी वेळेवर येत नव्हती. खाज मात्र ठरल्या दिवशी दारात हजर. पाळी सुरू झाली की दोन दिवसांत आल्या वाटेने निघून जायची. मधल्या दिवसांत रत्ना लग्नातून उठायची, कीर्तनातून उठायची, बचत गटाच्या बैठकीतून तर ठराव वाचता वाचता उठायची. त्यामुळे बुडाला स्थिरता नसलेली बाई असं तिचं नाव झालं होतं, आणि लोक किती खरं बोलतायत हे फक्त तिला ठाऊक होतं.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ती मनाचा हिय्या करून मंचरला औषधाच्या दुकानात गेली. गल्ल्यावर पारसशेठ होता आणि फळीला टेकून चार बाप्ये. त्यांतला एक तिच्याच गावचा गेणभाऊ टेम्पोवाला. व्यालेल्या एका म्हशीची वार कशी पडत नव्हती आणि आपण कोपरापर्यंत हात घालून ती कशी काढली, हे तो हातवाऱ्यांसकट सांगत होता. ऐकणाऱ्यांतला एक जण भजी खात होता. त्याचा घास अडला नाही.

"बोला ताई," पारस म्हणाला.

"खाजेचं मलम पायजे."

"कुठं लावायचंय?"

त्याने घराचा पत्ता विचारावा तसं विचारलं. चारही माना वळल्या.

"गायीला," ती म्हणाली.

माना सैल पडल्या. "गायीला कुठं?"

"मागं. शेपटीखाली."

कोणाची पापणी लवली नाही. रत्ना चकित झाली आणि मग तिला धीर आला. तिने सगळं सांगितलं. आग होते, दह्यासारखं पांढरं जातं, रात्री जास्त, जिवाला चैन पडत नाही, दर महिन्याला चार-पाच दिवस. चौघांनी माना हलवल्या.

"बिच्चारी!" भजीवाला म्हणाला.

अडीच वर्षांत तिला कोणी बिचारी म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. पारसने मात्र मलम दिलं नाही. "मुकं जनावर हाय ताई. अंदाजानं औषध द्यायचं पाप मी करणार न्हाय. डॉक्टरांना दाखवा."

ती रिकाम्या हाताने निघाली. एसटी येईपर्यंत पाऊण तास गेला. गेणभाऊकडे टेम्पो होता.

ती घरी पोचली तेव्हा गोठ्यात सभा भरली होती. सासरे सावळेराम, नवरा दादाभाऊ आणि गेणभाऊ हरणीच्या मागे अर्धगोल करून उभे होते आणि हरणीचं शेपूट गेणभाऊच्या हातात होतं.

"दर महिन्याला म्हणाली वैनी. सोता ऐकलं मी," गेणभाऊ म्हणाला. "दर महिन्याला मंजी काय? माजावर येती. माजावर येती मंजी गाभ राह्यला न्हाय. उलटली तुमची गाय!"

हरणीला चार महिन्यांपूर्वी भरवली होती, आणि ती गाभण असल्याचं सावळेरामने निम्म्या गावाला सांगून ठेवलं होतं. त्याचा चेहरा पडला. पण तो क्षणभरच. "मला वाटलंच व्हतं," तो म्हणाला. "परवा खांबाला घासत व्हती. डाव्या अंगानं."

"उजव्या," दादाभाऊ म्हणाला. "मीबी बघितलं."

"लई घासत व्हती," गेणभाऊ म्हणाला. तो महिनाभर या गोठ्याकडे फिरकला नव्हता.

रत्ना दारात उभी राहिली. "आबा, गायीला काय झालं न्हाय."

"तूच सांगून आली ना दुकानात?"

याला उत्तर होतं, पण ते गोठ्यात, तीन पुरुषांपुढे देता येण्यासारखं नव्हतं. रत्ना गप्प बसली आणि त्या गप्प बसण्याचा ठराव झाला. सोमवारी बेल्ह्याचा गुरांचा बाजार. गेणभाऊचा टेम्पो. भाकड गाय दावणीला पोसण्यात काही अर्थ नाही.

हरणीला रत्नाने बोट चोखवून दूध पाजलं होतं. तिची आई व्याल्यावर तिसऱ्या दिवशी मेली होती. रत्ना धारेला बसली नाही तर हरणी पान्हा चोरायची. आता ती बाजारात उभी राहणार, कोणीतरी तिच्या पाठीवर थाप मारणार आणि ती कुठल्या गावाला जाणार याचा पत्ता लागणार नाही. हे सगळं रत्नाला खाज होती म्हणून.

"डॉक्टरांनी बघितल्याबिगर दावं सोडायचं न्हाय," रात्री तिने दादाभाऊला सांगितलं. एवढं बोलायलाच तिला दिवसभराचं बळ लागलं. पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर तो घोरत होता.

सोमवारी सकाळी आठला टेम्पो दारात लागला आणि त्याच्या मागोमाग रत्नाने निरोप धाडून बोलावलेल्या गुरांच्या डॉक्टर आरती मॅडम स्कूटीवरून उतरल्या. त्यांनी लांब हातमोजा चढवला, हरणीच्या पोटात हात घालून चाचपलं, बाहेर काढला आणि म्हणाल्या, "गाभण आहे. चार महिने पूर्ण. एकदम उत्तम."

"पर खाज?" सावळेराम म्हणाला.

"खाजेचं काही लक्षण नाही. कोणी पाहिली?"

तीन हात वर झाले. डावीकडून, उजवीकडून आणि लई.

"गाभण गाय माजावर येत नाही, आबा. दर महिन्याला काही होत असेल, तर ते या गायीला होत नाही."

गेणभाऊने सावळेरामला बाजूला घेतलं. "म्याडमचा हात बारका हाय. पोचला नसंल. तीन मानसांनी डोळ्यांनी बघितलं त्याचं काय?" आणि त्याने टेम्पोचा फाळका खाली पाडला. मतं मोजली तर तीन विरुद्ध एक होती. गायीला मत नव्हतं.

मॅडमनी मोजा उतरवता उतरवता रत्नाला विचारलं, "तुम्ही पाहिलंत ना? तारखा आठवतात?"

रत्नाला तारखा पाठ होत्या. "तीन जुलै. मग एकतीस जुलै. मग अठ्ठावीस ऑगस्ट. आन् आता गुरुवारी."

मॅडमनी बोटांवर हिशोब केला. "अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवस. गायीचं चक्र एकवीस दिवसांचं असतं." मग त्यांनी रत्नाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "हात धुवायला मोरी दाखवता का?"

मोरीत रत्नाने त्यांच्या हातावर पाण्याचा तांब्या ओतला.

"किती दिवस होतंय?"

"अडीच वर्षं."

"काय काय लावलंत?"

"जंतू मारायचं पाणी. कडुलिंब. हळद. तुरटी. एकदा कपड्याचा साबण."

"गायीला लावलं असतं तर तिने लाथ घातली असती," मॅडम म्हणाल्या. "हे बघा, मी गुरांची डॉक्टर. बायकांच्या डॉक्टरकडे जा आणि तपासून घ्या. बुरशीचा संसर्ग असू शकतो. पाळीच्या आधी शरीरात जे बदल होतात त्यात तो उसळतो, नंतर बसतो. साखरही बघून घ्या. साबण-बिबण बंद करा, नुसतं पाणी. घाणेरडेपणा नाही हा, बरं का. आजार आहे, त्याला औषध आहे."

"आन् हरणी?"

"माझं मी सांगितलं. त्यांचा माझ्या हातावर विश्वास नाही."

बाहेरून हरणीचं हंबरणं आलं. दावं सुटलं होतं. रत्ना ओल्या हातांनीच अंगणात गेली आणि फाळक्यापुढे उभी राहिली.

"खाज हरणीला न्हाय," ती म्हणाली. "मला येती. पाळीच्या आधी. दुकानात चार बाप्ये व्हते, म्हणून गायीचं नाव घेतलं."

अंगण एकदम मोकळं झाल्यासारखं झालं. माणसं होती तिथेच होती, फक्त नजरा निघून गेल्या. गेणभाऊ वाकून टेम्पोचं चाक दाबून पाहू लागला. दादाभाऊ दाव्याची गाठ सोडू लागला, जी सुटलेलीच होती. सावळेरामने आभाळाकडे पाहिलं आणि "उघडीप हाय," एवढं म्हटलं.

"मग तुम्ही तिघांनी काय पाहिलं होतं?" मॅडमनी विचारलं.

कोणी काही पाहिलं नव्हतं. गेणभाऊने तर गायच पाहिली नव्हती, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

शेवटी सावळेराम पुढे झाला. त्याने हरणीच्या पाठीवर हात ठेवला, सुनेकडे पाठ केली आणि हरणीच्या कानाशी जाऊन म्हणाला, "अगं, अडीच वरीस? मग सांगायचं न्हाई व्हय?"

हरणीने कान हलवला.

"दादाभाऊ, उद्या हिला चांगल्या डॉक्टरला दाव," तो म्हणाला आणि हरणीला परत खुंट्याला बांधली.

दादाभाऊने दुसऱ्याच दिवशी रत्नाला मंचरला नेलं. बाईडॉक्टरांनी तपासणी केली, गोळ्या दिल्या, आणि पुढे आठवड्याला एक अशी सहा महिने घ्यायला सांगितल्या. गावात मात्र आजारी हरणीच राहिली. डेअरीवर रोज चौकशी व्हायची आणि दादाभाऊ मन लावून उत्तर द्यायचा. "फरक हाय. काल रातच्याला गाढ झोपली."

"गोळी किती?"

"आठवड्याला एक."

"येवढी थोरली गाय, आन् एक गोळी?"

"चांगली कंपनी हाय," दादाभाऊ म्हणायचा. जनावराला जीव लावावा तर दादाभाऊने, असं गाव म्हणू लागलं. रत्नाला हसू यायचं आणि रागही यायचा. पण ऑक्टोबरातल्या बचत गटाच्या बैठकीत ती आभारप्रदर्शनापर्यंत बसून राहिली.

त्याच आठवड्यात गेणभाऊ टेम्पो लांब लावून पायी आला. दादाभाऊ ओट्यावर होता, रत्ना आत चहा टाकत होती. गेणभाऊने आधी पावसाचं काढलं, मग कांद्याचं. मग आवाज एवढा खाली नेला की रत्नाला गॅस बारीक करावा लागला.

"ते डॉक्टर कुठं बसत्यात रे? आमच्या म्हशीलाबी तसंच हुतंय. दर महिन्याला. लई दिस झालं, बोलत न्हाय, नुस्ती चिडती."

दादाभाऊ त्याच्याकडे बघत राहिला. गेणभाऊच्या दारात टेम्पो होता आणि बायको होती, साळुबाई. म्हैस त्या दारात कधीच नव्हती.

रत्ना चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि एक गेणभाऊपुढे ठेवला.

"म्हशीला म्हणावं, मंगळवारी नवाच्या एसटीला या," ती म्हणाली. "जागा मी धरते."