वाघमारे सरांच्या निर्व्यसनी माशा

वाघमारे सर कुणाच्याही घरी गेले की आधी कुंडीतल्या झाडाचं पान उलटून बघत आणि मग माणसांना नमस्कार करत. शेजारच्या साखरपुड्यात तर त्यांनी विड्याची पानंही उलटून पाहिली. मुलीच्या मामांना वाटलं, पाहुण्यांचं काहीतरी बिनसलं. ते बिचारे दुसरं ताट घेऊन धावले.

सर लातूरला आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, एकटेच. शेतकी कॉलेजात शिकवायचे आणि पांढऱ्या माशा पाळायचे. भेंडीची, मुगाची पानं पिवळीजर्द करणारा केवडा रोग या झाडावरून त्या झाडावर नेते ती हीच माशी. आडनाव वाघमारे, पण गृहस्थांनी जन्मात माशी मारली नव्हती.

"ताई, माशी आजारी पानाचा रस पिती," जिन्यात गाठून ते मला समजावत. "विषाणू तिच्या पोटात जातो. पण पोटातून लाळेपर्यंत जायला त्याला हमाल लागतो. माशीच्याच अंगातलं एक प्रथिन ते ओझं उचलतं. तो हमाल सापडला की त्याला म्हणायचं, बाबा, संप कर! खेळ खल्लास!"

माझ्या हातातली दुधाची पिशवी तोवर कोमट व्हायची.

लातूरला आगगाडीनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात कॉलेजची बोअर आटली. सरांनी माशांची पेटी घरी आणली. चारी बाजूंनी जाळी आणि आत वांग्याची रोपं. खाली नळावर घागरींची भांडणं चाललेली, आणि सर आपल्या वाट्याचं पाणी वांग्यांना पाजत. स्वतःच्या आंघोळीला दांडी मारतील, वांग्यांच्या नाही. शेवटी तेही पाणी पुरेना.

"ताई, वांगी माना टाकून राहिलीत," ते दारात उभे. "या माशा मेल्या तर सगळं पहिल्यापासून."

मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी लागली होती आणि मी अर्धापूरला माहेरी निघाले होते. तिथं आमच्या विहिरीला पाणी होतं. "चला माझ्यासोबत," मी म्हणाले. जीभ चावेपर्यंत पेटी जिन्यातून खाली आली होती.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "यात काय हाय?"

"माशा," सर म्हणाले.

"मधमाशा?" मागची सीट झटक्यात रिकामी झाली.

"पांढऱ्या. चावत न्हाईत. आणि लई निर्व्यसनी हायेत. रोगट पानाला अजून तोंड लावलेलं न्हाई."

"मग तिकीट कसं फाडू? अर्धं का पुरं?"

यावर गाडीत दोन तट पडले. तोवर उदगीर वेगळा जिल्हा व्हावा की नाही यावर भांडणारे दोघे या मुद्द्यावर मात्र एक झाले: माशांना सामानाचंच तिकीट. अहमदपूरला एक मावशी भेंडीची टोपली घेऊन चढल्या, तसे सर पेटीला मिठी मारून ओरडले, "भेंडी लांब! पोरी बिघडतील माझ्या!"

मावशी घाबरून ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसल्या. थेट नांदेडपर्यंत त्यांनी टोपलीवरचा पदर काढला नाही.

माहेरी आप्पांनी कपाळाला हात लावला. "लोक पाहुण्याकडं पेढे नेतात. तुम्ही माशा आणल्या? माझ्या भेंडीवर केवडा पडला म्हंजे?" त्यांनी पेटी पडवीत ठेवायला लावली आणि जाळीला स्वतः दोन गाठी मारल्या.

सर दर रविवारी लातूरहून येऊ लागले. तासभर माशा बघायच्या आणि दिवसभर आप्पांशी बोलायचं. आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सापडला का हमाल?"

"दोघा-तिघांवर संशय हाय!"

आई त्यांना भाकरी वाढायची. नको म्हणता म्हणता ते चौथीवर यायचे. माशा वाढल्या तशी आप्पांनी स्वतःच्या हातानं दुसरी पेटी करून दिली.

माझी सुट्टी संपत आली तेव्हा कॉलेजला टँकर सुरू झाला. सर न्यायला आले, तासभर पडवीत दोन्ही पेट्यांशी एकटेच खुडबुडत बसले, पण निघताना त्यांनी एकच पेटी उचलली.

"दुसरी राहू द्या," ते जाळी पुसत म्हणाले. "कॉलेजात काही घात झाला तर बियाणं असावं. मी येत जाईन रविवारी... बघायला."

ते गेल्यावर आई त्या पेटीतल्या रोपांना पाणी घालायला गेली. पानांना धक्का लागला की माशा पिठासारख्या उडायच्या, ते आता तिलाही माहीत झालं होतं. तिनं एक पान हलवलं. दुसरं हलवलं. मग पदरानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"अगं, यात एकबी माशी न्हाई!"

सरांची गाडी अजून सुटली नसेल म्हणून मी फोन उचलला.

"ठेव तो," आप्पा म्हणाले. आईच्या हातातली बादली घेऊन त्यांनी एकेका रोपाच्या बुडाशी जपून पाणी ओतलं. "रविवारी सर येतील. वांगी टवटवीत दिसाय पाहिजेत."