अकरा रुमाल फेर बांधिले त्याची हकीकत

श्रीशारदेस नमन करून, ऐकीव वगळून मोजीव तेवढेच लिहिले असे. शके १७०१ विकारीनाम संवत्सरी आषाढ शुद्ध द्वितीयेस राजवाड्याचे पोथीखान्यात कथापोथ्या शहाण्णव, रुमाल अकरा, वाळवीने खाल्लेली पाने चाळीस, ऐसी मोजदाद नवे कारकून त्र्यंबकपंत शेवडे यांणी केली. वृद्ध दफ्तरदार विसाजीपंत यांचा रिवाज ऐसा की, पाने वितीने मोजावी आणि सारख्या लांबीच्या पोथ्या एका रुमालात बांधाव्या. तेणेकरून गतवर्षी नवरात्रात सदरेवर वाचन जाहले तेव्हा कथेतील जो सरदार दुसरे दिवशी मेला तोच चौथे दिवशी बोहल्यावर चढला, आणि परराज्याचे वकील हसले, आणि मग महाराज आज्ञा करिते जाहले की, पुन्हा ऐसे घडल्यास पोथीखान्यास कुलूप घालावे आणि पाने दारूखान्यात काडतुसांस द्यावी.

त्र्यंबकपंतांनी मनाशी निश्चय केला की, एकही पान काडतुसात जाऊ द्यायचे नाही. पोथी पोथीशी कशी जोडली ते पाहावे, परंतु आपण सर्व वाचिलेले, आपला कौल निरुपयोगी. मग मुदपाकखान्यातील आचारीण भागाबाई, जिने चुलीपायी सदरेवरचे वाचन कधी ऐकिले नव्हते, तीस रोज दुपारी मागचेपुढचे काही न सांगता एकदोन पोथ्या ऐकवू लागले. विसाजीपंत म्हणाले, "पोथी म्हणजे काय भात, शिजली का म्हणून आचारणीस विचारावी?" त्र्यंबकपंतांनी पान उलटिले.

एके दिवशी पोथी संपताच भागाबाईने पळी आपटली. "पंत, तो विहिरीत लोंबकळतोय आणि तुम्ही पोथी बांधता? दोर तुटला का ते सांगून जा." ऐशा पोथ्या एकाच कथेचे तुकडे, म्हणोन त्यांवर अनुक्रमांक घातले. दुसरे दिवशी ती बोलली की, शेवट झाला खरा, पण म्हातारा सुनेवर एवढा चिडतो, मागे काही घडलेसे दिसते. ती उत्तरकथा, म्हणोन पूर्वकथेच्या पाठीशी एका दोरीने बांधिली. तिसरे दिवशी म्हणाली, "चोर सापडला, झाले. त्या लंगड्या कोतवालाची आणिक एखादी असेल तर काढा, कुठलीही." ती माला, तीस क्रम नाही, म्हणोन कोतवालाचे नावे एका रुमालात मोकळी ठेविली. याप्रमाणे शहाण्णवही पारखून बांधिल्या, आणि घटस्थापनेस तुकड्यांची कथा अनुक्रमे सदरेवर काढिली, नऊ दिवस वाचन जाहले, आणि महाराजांनी काडतुसांची आज्ञा रद्द केली.

एकंदर श्रोते येणेप्रमाणे: गतवर्षी पहिले दिवशी दोनशे बारा, नववे दिवशी एकोणीस. यंदा पहिले दिवशी एकशे चाळीस, नववे दिवशी तीनशे सहा.