बाबांसाठी उकडलेलं अंडं

बाबांसाठी एक अंडं उकडावं, एवढंच माझ्या मनात आलं होतं. त्यात काय चुकलं असेल ते खुशाल काढा, पण हेतू स्वच्छ होता. (माझे हेतू नेहमीच स्वच्छ असतात. घाण होतो तो ओटा, भिंत आणि त्या दिवशी छत.)

बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या, घर खायला उठलं, तेव्हा बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. येताना त्यांनी एक सुटकेस आणली, एक छत्री आणली आणि आल्याआल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची माझी होती. पण माणूस असा बसला होता की 'बाबा, जरा उठता का' म्हणायची कुणाची छाती होणार? सकाळी ते तिथे बसत आणि अंधार पडला की आमच्यापैकी कुणीतरी जाऊन दिवा लावत असे. त्यांना अंधाराचं काही वाटत नव्हतं.

बोलणं जवळजवळ बंद. "बाबा, चहा?" मान हले. "बाबा, खिडकी लावू?" मान हले. ती मान हो म्हणते की नाही म्हणते, ते मला कधीच कळलं नाही, म्हणून मी खिडकी नेहमी अर्धी लावायचो. खाणं म्हणजे दोन घास आणि ताट सरकवणं. बायको रोज त्यांच्या शर्टाच्या कॉलरकडे बघायची. कॉलर आणि मान यांच्यातली फट वाढत चालली होती. बोलायची काही नाही. नळ सोडून आधी घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. मी मागे उभा राहून "काही मदत करू?" विचारायचो आणि ती "नको" म्हणायची. त्या 'नको'त इतक्या वर्षांचा अनुभव होता.

बाबांचं आणि माझं तसं जमण्यासारखं काही नव्हतंच. नोकरीत असताना ते ड्रायव्हिंगच्या परीक्षा घ्यायचे. लग्नाआधी मी त्यांच्यासमोरच परीक्षेला बसलो होतो आणि त्यांनी मला नापास केलं होतं. पुढे मुलगी दिली. लायसन्स दिलं नाही. लग्नानंतर ते मला कायम 'तुम्ही' म्हणत. "बसा", "घ्या", "बरं आहात ना". जावयाचा मान म्हणून म्हणत असतील, पण मला प्रत्येक वेळी आपण गाडीच्या बाहेरच उभे आहोत असं वाटे.

तर त्या दिवशी बायकोला कामावर जावंच लागलं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये असते आणि तिची रजा संपली होती. मी विमा कंपनीत, नुकसानभरपाईच्या विभागात. (लोकांचे अर्ज वाचून 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' असा शेरा मारणे हे माझं काम. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर नंतर कुठूनतरी कळेल आणि तुम्ही जास्त हसाल.) मी रजा टाकली.

चपला घालता घालता बायको म्हणाली, "फ्रिजमध्ये सूप आहे. काचेच्या बोलमध्ये काढ. मायक्रोवेव्हमध्ये स्टीलचं भांडं ठेवू नकोस."

"माहितीये मला."

"प्लास्टिकच्या डब्यातही नको. वर झाकण सैल ठेव, घट्ट नको. मध्ये थांबवून ढवळ. लगेच तोंडाशी नेऊ नकोस, कडेला गार लागतं आणि मध्ये उकळत असतं. बाबांची जीभ भाजेल."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर तुला शेजारी सोडून गेले असते," ती म्हणाली. मग जरा थांबून, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "आई त्यांना रोज सकाळी अंडं उकडून द्यायची. एक दिवस चुकलं नाही. किती आवडीने खायचे रे. आता मी विचारते तर मानसुद्धा हलवत नाहीत." आणि डोळे पुसत जिना उतरून गेली.

आता सांगा, एवढं ऐकल्यावर माणूस नुसतं सूप गरम करील का?

अंडं गॅसवर उकडतात हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या घरात गॅसला हात लावायची मला बंदी आहे. (एकदा पाणी उकळायला ठेवलं होतं. त्यातलं पाणी संपलं. मग भांडं संपायला लागलं. असो.) राहिला मायक्रोवेव्ह. त्याला जाळ नाही, धूर नाही, बटण दाबलं की आत दिवा लागतो आणि ताटली गोल फिरते. त्यात धोका असला असता तर लोकांनी तो फ्रिजशेजारी मांडून वर फुलदाणी ठेवली असती का? शिवाय बायकोने स्टील सांगितलं, प्लास्टिक सांगितलं, झाकण सांगितलं. अंड्याबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. नियमात जे लिहिलेलं नाही ते करायला हरकत नाही, असं आमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक ग्राहक म्हणतो. मी त्यांना आजवर हसत आलो होतो.

पहिलं अंडं मी तसंच ताटलीवर ठेवलं आणि सुरू केलं. ते डुगडुगत फिरू लागलं. मी वाकून कौतुकाने बघत होतो. आणि धाडकन असा आवाज झाला की ओव्हनचं दार आपोआप उघडलं, वरची फुलदाणी लवंडली आणि मी ओट्याखाली गेलो. आत अंडं असं उरलंच नव्हतं. वर, खाली, बाजूला, जाळीत, दाराच्या कडेला, सगळीकडे पिवळा चुरा.

पण मला भीती कशाची वाटली सांगू? त्या आवाजाची नाही. धावत बाहेर गेलो तर बाबा तसेच खिडकीबाहेर बघत होते. मान वळली नव्हती. घरात स्फोट झाला आणि या माणसाला 'काय झालं' असंसुद्धा विचारावंसं वाटलं नाही. मी तिथे कपाळाला अंड्याच्या कवचाचे टवके लावून उभा होतो आणि मला एकदम रडू यायला लागलं. सासूबाई खरोखरच गेल्या, हे मला त्या क्षणी कळलं असावं.

मुकाट्याने आत आलो. प्लग काढला. ओव्हन पुसायला तारेची घासणी उचलली. मग बायको कधीतरी त्यावरून ओरडल्याचं आठवलं, ठेवून दिली आणि ओल्या फडक्याने पुसत बसलो. पिवळा बलक इतका चिवट असतो हे कुणी सांगत नाही. पुसता पुसता डोकं चाललं. चूक अंड्याची नव्हती, पाण्याची होती! उकडणे म्हणजे पाण्यात. मी त्याला कोरडंच फिरवलं होतं.

दुसरं अंडं काचेच्या बोलमध्ये, भरपूर पाण्यात, वर सैल झाकण. यावेळी मी दाराच्या चौकटीआड उभा राहून एका डोळ्याने बघत होतो. वेळ संपली, ओव्हन वाजला, काही झालं नाही! मी दार उघडलं. अंडं आपलं शांत, गोरंपान, कुठे चीर नाही. मला इतका आनंद झाला की मी त्या अंड्याला "शाब्बास" म्हणालो.

सुटकेसमधून निघालेला सासूबाईंचा अंड्याचा कप बायकोने कपाटात जपून ठेवला होता. चिनी मातीचा, काठाला थोडा टवका उडालेला. त्यात अंडं बसवलं, शेजारी मीठ, छोटा चमचा, आणि ट्रे घेऊन खिडकीशी गेलो.

बाबांनी ट्रेकडे बघितलं. मग कपाकडे. बराच वेळ. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण हात मांडीवरून उठेना.

"मी फोडून देतो," मी म्हणालो. गुडघ्यांवर बसलो, नाक अंड्याजवळ नेलं आणि चमचा हळूच टेकवला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मला काही दिसलं नाही. आवाज ऐकू आला. चेहऱ्यावर उकळतं काहीतरी आलं. मी मागे पडलो आणि डोळे घट्ट मिटून, आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो.

आणि खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"अरे गाढवा! हात लावू नकोस! चोळू नकोस म्हणतो ना!"

मी इकडेतिकडे तोंड फिरवलं. घरात तिसरं कुणी आलंय की काय? बायको सोडली तर मला 'अरे' म्हणणारं त्या घरात कुणी नव्हतं.

"ऊठ. माझा दंड धर. सरळ चल. डावीकडे. डावीकडे म्हणालो, तुझी डावी कुठली तेही विसरलास? थांब. वाक."

डोकं नळाखाली गेलं. गार पाणी. एक म्हातारा, हाडं झालेला हात माझी मान धरून होता आणि त्या हातात इतका जोर कुठून आला होता कोण जाणे. "उघड डोळा. उघड रे बाळा. दिसतंय का? बोटं दिसतात?"

"दिसतात."

"किती?"

"पाण्यामुळे नीट..."

"गाढवा!" बाबा म्हणाले, आणि पुन्हा डोकं नळाखाली.

कोपऱ्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत. एका डोळ्यावर ओला रुमाल धरून मी, आणि माझा दंड धरून बाबा. आमच्याकडे आल्यापासून ते प्रथमच रस्त्यावर उतरले होते. पायात माझ्याच चपला घातलेल्या, उलट्या. शर्टावर बलक. रस्ताभर "पायरी", "खड्डा", "थांब, गाडी जाऊ दे" चालू होतं.

डॉक्टरीणबाईंनी माझा लाल चेहरा बघितला, मग बाबांकडे बघितलं आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "हे कुणी केलं?"

"अंड्याने."

"अंडं फेकून मारलं?"

"नाही, समोर होतं."

"समोर कोण होतं?"

"सासरे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घाबरू नका. घरात असं नेहमी होतं का?"

"छे हो," मी म्हणालो, "आज दुसऱ्यांदाच."

शेवटी बाबांनीच सगळं सांगितलं. सलग, शिस्तीत, कुठे काही न गाळता. एवढी वाक्यं त्यांच्या तोंडून मी सगळ्या वर्षांत मिळून ऐकली नव्हती. बाईंनी डोळ्यात थेंब टाकले, डोळा वाचला म्हणाल्या. पापण्या आणि नाक भाजलं होतं.

"कवचासकट अंडं मायक्रोवेव्हमध्ये कधी ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. "पाण्यातसुद्धा नाही. वाफेला बाहेर पडायला वाटच नसते ना. बाहेरून बघाल तर सगळं शांत. आत कोंडलेलं असतं. मग कुणीतरी नुसता चमचा लावायचा अवकाश."

बाबा उठून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला गेले. आमच्याकडे पाठ करून बराच वेळ वाचत होते. सगळ्यात मोठ्या अक्षराच्या पुढे गेले असतील असं मला वाटत नाही. त्यांचे खांदे हलत होते. बाईंनी मलमाची चिठ्ठी लिहायला मुद्दाम वेळ लावला.

परत येताना मी म्हणालो, "बाबा, माफ करा. तुम्हाला अंडं आवडतं म्हणून..."

"कोण म्हणालं?"

"हीच म्हणाली. तुम्ही रोज खायचात."

बाबा फुटपाथवर थांबले. "मला अंडं आवडत नाही," ते म्हणाले. "वाससुद्धा सहन होत नाही."

"मग रोज?"

"ती उकडायची ना," बाबा म्हणाले. आणि मग पुढे चालता चालता, "दगडासारखं करायची. एक दिवस धड जमलं नाही तिला. समोर उभी राहायची, कसं झालंय विचारायची." एवढं बोलून त्यांनी माझा दंड सोडला, माझ्या हातातला ओला रुमाल घेतला आणि त्यानेच डोळे पुसले. त्यावर माझं थोडं अंडं होतं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी बायको आली. दारातच थबकली. छतावर पिवळा डाग, नवऱ्याच्या नाकावर मलम, आणि तिचे बाबा ओट्याशी उभे राहून पाव भाजत होते. गॅसवर. मला स्वयंपाकघराच्या दारातून आत यायला मनाई होती.

"बाबा, तुम्ही कशाला?" ती म्हणाली.

"भूक लागलीये," बाबा म्हणाले. "आणि याच्या हातचं मी खाणार नाही. मला मरायचं असेल तेव्हा सांगेन."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की मी आपण काहीतरी थोर केलंय असा चेहरा करून उभा राहिलो. नाक हुळहुळत होतं, पण मी सहन केलं.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं, असं मात्र समजू नका. दुःख असं एका धडाक्यात बाहेर पडत नाही. अजूनही कधीकधी बाबा सकाळी खुर्चीत बसतात आणि संध्याकाळपर्यंत हूं की चूं करत नाहीत. ताट तसंच परत येतं. बायको कॉलरकडे बघते, हाक मारून बघते, त्यांच्याशेजारी बसून बघते. काही उपयोग होत नाही. मग ती माझ्याकडे येते. मला वाटतं, आता ही माझा आधार मागणार, दोन शब्द सांत्वनाचे मागणार. मी पेपर बाजूला ठेवतो, गळा साफ करतो.

"बाबा आज पुन्हा गप्प आहेत रे," ती हळूच म्हणते. "जरा स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतोस?"

मी जातो. काही करत नाही. मायक्रोवेव्हचं दार तेवढं उघडतो.

खिडकीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि मागोमाग, "त्याला आत कुणी सोडलं?"