स्वतःच्या मार्गाचा विहित नमुना

माणसाने स्वतःचा मार्ग स्वतःच शोधावा, याबद्दल आजवर कुणाचं दुमत झालेलं नाही. तो कोणता असावा, हे बाकीच्यांनी आधी ठरवून ठेवलं, की शोधणं सोपं जातं.

माझा धाकटा भाऊ नोंदणी कार्यालयात एकोणीस वर्षं शिक्के मारत होता. एके दिवशी कार्यालयाने परिपत्रक काढलं आणि सर्व बेचाळीस कर्मचाऱ्यांना स्वतःचा मार्ग शोधण्याच्या शिबिराला धाडलं. (न येणाऱ्यांची रजा कापली जाणार होती.) मार्गदर्शकांनी पहिल्याच तासाला बजावलं, की यापुढे कुणाचंही ऐकायचं नाही. सगळ्यांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतलं.

शेवटी फॉर्म भरायचा होता. एक्केचाळीस जणांनी आपला मार्ग ‘मार्गदर्शक होणे’ असा लिहिला. भावाने लिहिलं, ‘वेताच्या खुर्च्या विणणे’. त्याचा फॉर्म परत आला. शेरा होता: ‘पालकांची संमती जोडावी’. पाल्याचं वय त्रेचाळीस.

घरी बैठक भरली. वडिलांचं म्हणणं पडलं, की त्याने खुशाल मनासारखं करावं, निवृत्तीनंतर. भावजयीची आडकाठी नव्हती, पण तिच्या भावाला विचारल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नसे. त्याने दातांच्या डॉक्टरांचा सल्ला आणला, कारण त्यांच्यासमोर आजवर कुणी उलट बोललेलं नव्हतं. मी थोरला, म्हणून निःपक्षपाती राहिलो आणि विरोधात मत दिलं.

भाऊ खाली बसून आईच्या फाटक्या खुर्चीत वेताची पट्टी ओवत होता. आमची बैठक संपली, तेव्हा खुर्चीची बैठकही विणून झाली होती. आईने बसून पाहिलं.

“घट्ट झालीय रे,” ती म्हणाली.

तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ते मोजलं गेलं नाही. भावाने मात्र दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

आता जिन्याखालच्या खोलीत त्याचं काम चालतं. एक्केचाळीस मार्गदर्शक आपापल्या टेबलांवर शिक्के मारताहेत. परवा मी त्याची समजूत घालायला गेलो.

“दादा, हे टोक जरा धर,” तो म्हणाला.

मी धरलं. तासभर गेला. काय समजवायचं होतं, ते राहूनच गेलं. बोटं सोलली होती, तरी उठावंसं वाटेना. (हे घरी सांगितलेलं नाही.)

वाचता वाचता तुमच्याही मनात एखादं काम आलं असेल. आणि पाठोपाठ, ते आधी कुणाला विचारावं, हेही.